शिअर दिल्यावर लिक्विड क्रिस्टलमध्ये डिफेक्ट का येतात: तेच तेच विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी प्रोजेक्टला नवीन पोरं येतात आणि तेच प्रश्न विचारतात, घरी काका वेगळे विचारतात ("दिवसभर त्या दुर्बिणीत काय बघत बसतोस रे?"), म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. काका, दुर्बीण नाही ओ, मायक्रोस्कोप आहे. आमच्या घरी आधी चार माग होते, त्यामुळं उदाहरणं सुताचीच येणार, सवय आहे.

लिक्विड क्रिस्टल म्हणजे नेमकं काय, पाणी का खडा?

मधलंच काहीतरी. शेतातनं ट्रॉली भरून कडबा येतो ना, ज्वारीचा, ती ट्रॉली डोळ्यापुढं आणा. सगळी ताटं साधारण एकाच दिशेला पडलेली असतात पण कुठलं ताट कुणाच्या शेजारी याला काही नियम नाही, हलवलं की सरकतात. नेमॅटिक लिक्विड क्रिस्टलचे रेणू तसेच लांबुडके, दिशा एक पण जागा मोकळी. वाहतं म्हणून लिक्विड, दिशा धरून असतं म्हणून क्रिस्टल. त्या सरासरी दिशेला डायरेक्टर म्हणतात, खाली हा शब्द पन्नास वेळा येईल, सिनेमावाला नव्हे.

पहिल्यांदा हे दिसलं १८८८ साली प्रागमध्ये. फ्रीडरिश राइनित्झर हा खरं तर वनस्पतीशास्त्रवाला, तो कोलेस्टेरिल बेन्झोएट तापवत होता, ते १४५.५ अंशाला वितळलं पण गढूळ राहिलं आणि १७८.५ ला गेल्यावर एकदम स्वच्छ झालं. एका पदार्थाला दोन वितळबिंदू कसे, हे त्याला कळेना म्हणून त्यानं ओटो लेमानला सॅम्पल पाठवलं आणि लेमाननं पुढं तापवता येणाऱ्या मायक्रोस्कोपखाली बघून हे नाव रूढ केलं.

डिफेक्ट म्हणजे माल खराब आहे का?

नाही, आणि हाच गैरसमज सगळ्यात जास्त. आपल्याकडं डिफेक्ट म्हटलं की ताणा तुटला, बाणा सुटला, चादर सेकंडमध्ये गेली. इथं रेणू तुटत नाही, कचरा पण नसतो. डिफेक्ट म्हणजे अशी जागा जिथं दिशा कुठली हे ठरवताच येत नाही. डोक्यावरचा भोवरा बघा, सगळीकडं केस कुठं वळलेत ते सांगता येतं पण बरोब्बर मध्यावर विचारलं तर उत्तर नाही. तिथला एकही केस खराब नाय बे, दिशेचं गणित बसत नाही एवढंच.

त्याहून चांगलं उदाहरण तुमच्या अंगठ्यावरच आहे. आधारला ठसा देतो तिथं रेषा एका ठिकाणी यू सारख्या वळून परत जातात आणि बाजूला कुठंतरी तीन दिशांनी आलेल्या रेषा एकमेकींना भिडून त्रिकोण करतात. पहिली जागा म्हणजे प्लस अर्धा डिफेक्ट, त्रिकोणवाली मायनस अर्धा.

सॅम्पल जाडीला असतं म्हणून हे डिफेक्ट ठिपके राहत नाहीत, लांबच्या लांब रेषा होतात आणि मायक्रोस्कोपमध्ये तरंगणाऱ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. नेमॅटिक हे नावच त्यावरनं आलंय, १९२२ मध्ये जॉर्ज फ्रीडेलनं ग्रीकमधल्या ‘नेमा’ या शब्दावरनं ठेवलं, नेमा म्हणजे धागा. सोलापूरच्या माणसानं हा विषय घ्यायला एवढं कारण पुरे.

अर्धा डिफेक्ट कसा असेल, अर्धा भोवरा कुणी बघितलाय?

केसाला मूळ आणि टोक असतं म्हणून डोक्यावर पूर्ण भोवराच होतो. आमच्या रेणूंच्या भाषेत बुडखा कुठला आणि शेंडा कुठला हे बघायचंच नाही, उलटा ठेवला तरी तोच. म्हणून डिफेक्टभोवती एक फेरी मारून आलात आणि डायरेक्टर नुसता १८० अंश फिरलेला असला तरी हिशोब जुळतो, ३६० ची गरज नाही. तो झाला अर्धा. आणि एनर्जी लागते ती आकड्याच्या वर्गाच्या हिशोबानं, म्हणजे एकाला १, अर्ध्याला पाव, मग दोन अर्धे मिळून सुद्धा अर्धीच किंमत. म्हणून पातळ थरात पूर्ण एकचा डिफेक्ट फुटून दोन अर्धे व्हायला बघतो. जाड सॅम्पलमध्ये त्याला अजून एक पळवाट असते, मधले रेणू सरळ उभे राहतात आणि मधला गाभाच नाहीसा होतो. अर्ध्याला ती सोय नाही, म्हणून शिअरमध्ये (म्हणजे वरची काच सरकवून सॅम्पल ओढतो तेव्हा, खाली येईलच) जे पातळ रेखीव दोरे दिसतात ते बहुतेक अर्धेच.

गाभा किती मोठा असतो?

साधारण दहा-एक नॅनोमीटर. म्हणजे जे दिसतं तो गाभा नसतोच, त्याच्या भोवतीचं वाकलेलं क्षेत्र उजेड विस्कटतं ते दिसतं. क्रॉस पोलरायझरमध्ये (उजेडाची एकच दिशा पास करणाऱ्या दोन पट्ट्या, एकमेकींना आडव्या लावलेल्या) काळ्या झाडू निघाल्यासारख्या दिसतात, दोन झाडू असल्या तर अर्धा, चार असल्या तर एक. व्हायवाला हमखास विचारतात.

शिअर म्हणजे काय?

तळहातावर तंबाखू मळताना अंगठा पुढं सरकतो आणि हात जागेवर राहतो, मधल्या तंबाखूचं जे होतं ते शिअर. लॅबमध्ये दोन काचा, मध्ये सॅम्पल, खालची स्थिर आणि वरची सरकते किंवा फिरते. खालचा थर थांबलेला, वरचा पळतोय, मधले आपापल्या उंचीप्रमाणं. वेग भागिले गॅप म्हणजे शिअर रेट.

बरं, आता मुख्य. शिअर दिल्यावर डिफेक्ट बनतात कसे?

इथं घाई करू नका, चहा घेऊन बसा.

मधे एक काडी उभी आहे असं धरा. तिच्या डोक्याकडचं लिक्विड जोरात पळतंय, पायाकडचं हळू, म्हणजे तिला फिरवणारा पीळ बसणार. इथपर्यंत सगळ्या मटेरियलमध्ये सारखं. पुढं दोन जाती होतात.

पहिली जात अलाइन होणारी. काडी फिरत फिरत प्रवाहाच्या जवळजवळ दिशेला येते आणि प्रवाहाशी काही अंशांचा कोन करून थांबते, तिथं तिच्यावरचा पीळ शून्य होतो. याला लेस्ली अँगल म्हणतात. एरिक्सननं १९६० च्या सुमारास आणि लेस्लीनं १९६८ मध्ये नेमॅटिक कसं वाहतं याची जी थिअरी पूर्ण केली त्यात सहा व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) आहेत (१९७० च्या पारोदीच्या नात्यामुळं स्वतंत्र पाचच उरतात), त्यातल्या अल्फा-दोन आणि अल्फा-तीनचं चिन्ह एकच असलं तर हा कोन सापडतो.

दुसरी जात टंबल होणारी. इथं अल्फा-तीनचं चिन्ह उलटं पडतं आणि असा कोनच सापडत नाही, काडी प्रवाहाच्या दिशेला आली तरी थोडा पीळ शिल्लकच राहतो, मग ती पुढं फिरते, कोलांटी घेते, परत येते, परत फिरते. थांबायला जागाच नाही.

आता यात काचा आणा. काचेवर मखमली कापड घासून किंवा कोटिंग देऊन आपण रेणूंना सांगितलेलं असतं की हितं असंच उभं राहायचं. काचेला चिकटलेले ऐकतात, मधले प्रवाहाचं ऐकतात. टंबलिंगवाल्यात मधला भाग फिरतच राहतो आणि दोन्ही टोकं पकडून ठेवलेली, म्हणजे ओला टॉवेल दोघांनी धरून पिळावा तसं, प्रत्येक कोलांटीला पीळ वाढत जातो. सुताला जास्त पीळ दिला आणि ताण जरा सैल सोडला तर काय होतं हे मागावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, सूत सरळ राहत नाही, बाजूला उडी मारून स्वतःभोवतीच वेटोळं घालतं. डायरेक्टर पण तेच करतो, प्रवाह आणि उंचीचं जे प्रतल असतं त्यातनं बाहेर पडून बाजूला कलतो. एका ठिकाणी डावीकडं, शेजारी उजवीकडं, कारण दोन्हीकडं जायला सारखीच किंमत. डावीवाले आणि उजवीवाले जिथं भेटतात तिथं दिशा फार थोड्या अंतरात बदलायला लागते, अशी भिंत महाग पडते, मग ती आकसून किंवा फाटून तिच्या कडेला दोरे तयार होतात.

दुसरी वाट म्हणजे सरळ फुटणं. पीळ इतका दाटतो की काही नॅनोमीटरमध्ये दिशा उलटायला लागते, तिथं रेणूंना एकमेकांच्या दिशेनं राहणंच परवडत नाही, त्या ठिपक्यात ऑर्डर कोसळते, क्षणभर ते साधं पाण्यासारखं लिक्विड होतं, आणि त्या भोकातनं एक डिफेक्टचं वेटोळं बाहेर पडतं. वेटोळं पसरलं की त्याच्या आतल्या भागातला अर्ध्या फेरीचा पीळ उतरलेला असतो. म्हणजे साठलेला पीळ सोडायचं दारच म्हणा की.

तिसरी वाट सगळ्यात साधी आणि लॅबमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी: धूळ, बुडबुडा, काचेवरचा ओरखडा. तिथं आधीच एक छोटं वेटोळं अडकलेलं असतं, प्रवाह ते ओढून लांब करतो आणि मग दहा पानी थिअरी लिहिणाऱ्या पोराला कळतं की काच नीट धुतली नव्हती.

अलाइन होणाऱ्या मटेरियलमध्ये मग डिफेक्ट येतच नाहीत का?

येतात, पण त्रास द्यायला लागतो. सुरुवातीची दिशाच वाकडी असली, म्हणजे काड्या प्रवाहाला आणि उंचीला दोन्हीला आडव्या झोपवल्या असल्या, तर कमी वेगाला काही होत नाही पण एका ठरावीक वेगाला त्या अचानक एका बाजूला कलतात. पिएरान्स्की आणि गुयोन यांनी १९७३ च्या आसपास एमबीबीए या मटेरियलवर हे दाखवलं. परत डावं-उजवं आलं, परत भिंती आल्या. आणि धूळ तर काय, जात बघून येत नाही.

एरिक्सन नंबर काय असतो? पेपरात पानोपानी आहे.

प्रवाहाचा जोर भागिले डायरेक्टरचा ताठपणा. व्हिस्कॉसिटी गुणिले शिअर रेट गुणिले गॅपचा वर्ग, भागिले इलॅस्टिक कॉन्स्टंट. नेहमीचं मटेरियल ५सीबी घ्या, व्हिस्कॉसिटी साधारण ०.०८ पास्कल-सेकंद, इलॅस्टिक कॉन्स्टंट साधारण ७ पिकोन्यूटन. गॅप १०० मायक्रॉन, शिअर रेट सेकंदाला १, तर उत्तर ११४ च्या आसपास येतं. म्हणजे प्रवाहाचं राज्य. तोच गॅप १० मायक्रॉन केला की १.१४, म्हणजे काचांचं राज्य, काही हलत नाही. गॅप दहापट कमी केला की आकडा शंभरपट कमी, हे विसरलं म्हणून आमच्या एका पोराचे तीन आठवडे गेले, तो वेग वाढवत बसला आणि दोरे येईनात, आणि गॅप किती ठेवलाय हे त्याला कुणी विचारलंच नाही (मी पण नाही).

कुठलं मटेरियल कुठल्या जातीचं?

५सीबी आणि एमबीबीए साधारण अलाइन होणारे. ८सीबी लबाड आहे, ते ३३.५ ते ४०.५ अंशांत नेमॅटिक असतं, वरच्या टोकाला अलाइन होतं पण थंड होत स्मेक्टिकच्या (थरथर रचलेल्या अवस्थेच्या) जवळ आलं की टंबल व्हायला लागतं, कारण थर बनायची तयारी आतल्या आत सुरू झालेली असते आणि थर बांधायला बघणारे रेणू प्रवाहात झोपायला तयार होत नाहीत. म्हणजे एकाच सॅम्पलमध्ये तापमान बदलून दोन्ही जाती बघता येतात, शिकायला यासारखं दुसरं नाही. लांबलचक पॉलिमरवाले, उदाहरणार्थ पीबीएलजी, कमी वेगाला टंबल होतात. पाण्यात विरघळणारं डीएससीजी, जे दम्याच्या औषधात वापरतात, ते पण टंबलिंगवालं.

डिफेक्ट जोडीनंच का येतात?

कारण आधी सगळीकडं बेरीज शून्य होती, मधेच एखादी जागा फुटली म्हणून लांबवरच्या रेणूंना काय त्याचं. प्लस अर्धा आला की मायनस अर्धा त्याच्याबरोबर आलाच. वेटोळं कापून बघितलं तर एका बाजूला प्लस, समोर मायनस, असं पण असतं. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. गंमत अशी की जवळ येताना प्लसवाला जास्त जोरात पळतो, डायरेक्टर फिरताना लिक्विडला पण ढकलतो आणि तो धक्का प्लसच्या आकाराला सोयीचा पडतो. एकटा इलॅस्टिक हिशोब केला तर दोघांचा वेग सारखा यायला पाहिजे, तसा येत नाही.

वेग वाढवत नेला तर किती वाढणार, नुसते दोरेच दोरे?

आधी काही नाही, मग प्रवाहाच्या दिशेनं लांबट वळकट्या (रोल सेल म्हणतात), मग त्या वळकट्या वेड्यावाकड्या, मग दोऱ्यांचं जंगल. लार्सन आणि मीड यांनी १९९३ मध्ये पॉलिमरच्या द्रावणात ही पायरी-पायरी व्यवस्थित मांडली. जंगल झाल्यावर मात्र एक शिस्त येते, एकीकडं प्रवाह नवीन दोरे काढतोय, दुसरीकडं दोरे एकमेकांना खातायत, आणि दोन दोऱ्यांमधलं अंतर वेगाच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात कमी होतं. वेग चौपट, अंतर निम्मं.

आणि पॉलिमरमध्ये अजून वर गेलात तर उलटंच होतं. प्रवाह इतका जोरात की रेणूंना सावरायला वेळच मिळत नाही, ऑर्डर स्वतःच बदलते, टंबलिंग बंद पडतं, सगळे झोपतात आणि दोरे जवळपास निघून जातात. मधल्या पट्ट्यात तर नॉर्मल स्ट्रेसचा फरक ऋण येतो, म्हणजे साधं पॉलिमर दोन प्लेटना दूर ढकलतं आणि हे जवळ ओढतं. किस आणि पोर्टर यांनी १९७८ मध्ये हे मांडलं. आमच्याकडं पहिल्यांदा ऋण आकडा आला तेव्हा मी वायर उलटी लावलीय म्हणून दोनदा चेक केलं.

शिअर बंद केल्यावर आडवे पट्टे दिसतात, ते डिफेक्ट का?

नाही, ती बँडेड टेक्स्चर. पॉलिमरवाल्यात वाहताना ताणलेली दिशा मोकळी होताना नागमोडी होते, पट्टे प्रवाहाला आडवे येतात. चादरीवरच्या पट्ट्यांसारखे सुरेख असतात, फोटो काढून ठेवा, पण डिफेक्ट म्हणून मोजू नका.

मे महिन्यात सॅम्पल आपोआप खराब होतं का?

हा प्रश्न फक्त सोलापुरातच येऊ शकतो. ५सीबी साधारण ३५ अंशापर्यंतच नेमॅटिक, त्यावर साधं लिक्विड. पुस्तकात लिहिलेलं असतं रूम टेंपरेचरला नेमॅटिक, हे मटेरियल १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या हलमध्ये जॉर्ज ग्रेच्या टीमनं काढलं, तिकडची रूम वेगळी. आपल्याकडं बाहेर ४० च्या वर आणि लाइट गेली की एसी बंद, अर्ध्या तासात सगळे दोरे गायब, पोरगं रडकुंडीला की सॅम्पल मेलं. मेलं नाही. एसी सुरू होऊ द्या, ३५ च्या खाली येताना ते जागोजागी वेगवेगळ्या दिशा धरत परत नेमॅटिक होत येईल आणि त्या दिशा जिथं जुळत नाहीत तिथं शिअर न देताच भरपूर दोरे पडतील. विश्व थंड होताना असेच डिफेक्ट पडले असतील ही टॉम किबल या भौतिकशास्त्रज्ञाची कल्पना, आणि ती १९९१ मध्ये चुआंग, ड्युरर, टुरोक, युर्क यांनी लिक्विड क्रिस्टलमध्येच तपासली. आपल्याला त्याचा अर्थ एवढाच, की एसी आल्या आल्या शिअर देऊ नका, थंड होताना पडलेले दोरे आधी विरू द्या, नाहीतर शिअरनं केलेले कुठले आणि लाइटनं केलेले कुठले कळणार नाही.

स्मेक्टिकमध्ये पण असंच?

तिथं थर असतात, पत्त्यांच्या कॅटसारखे. थर सरकू शकतात पण त्यांची जाडी बदलत नाही, म्हणून डिफेक्ट पण वेगळे, फोकल कोनिक वगैरे. साबणासारख्या काही थरवाल्या द्रावणांत शिअर दिला की थर गुंडाळून चक्क कांदे बनतात, पेपरात पण कांदाच म्हणतात. त्यावर वेगळं लिहायला लागेल.

याचा उपयोग काय? (काकांचा प्रश्न)

काका, केव्लार. बुलेटप्रूफ जॅकेटचं सूत. १९६५ मध्ये ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना पातळ गढूळ द्रावण मिळालं, सूत काढायच्या मशीनवरचा माणूस आधी नकोच म्हणाला, छिद्रं बुजतील म्हणून. ते गढूळ होतं कारण ते लिक्विड क्रिस्टल होतं, आणि छिद्रातनं ओढताना रेणू ओळीत आले म्हणून सूत एवढं मजबूत. तिथं डिफेक्ट राहिला की सूत तिथं कच्चं. आणि तुमचा टीव्ही, कॅल्क्युलेटर. पॅनेल भरताना लिक्विड क्रिस्टल दोन काचांमध्ये काही मायक्रॉनच्या फटीत पसरतं, ते पण वाहणंच आहे.

आपल्या देशात यावर काम झालंय का, हे पण काका विचारतात. झालंय की. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर यांच्या टीमनं काडीऐवजी चकतीच्या आकाराच्या रेणूंचं लिक्विड क्रिस्टल शोधलं, जगात पहिल्यांदा. (नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे.)

घरी बघता येईल का?

दोरे नाही बघता येणार, पण जुना कॅल्क्युलेटर किंवा जुना मॉनिटर असेल तर पडद्यावर बोटानं हलकं दाबा, रंगाची लाट येते आणि हळूहळू विरते. गॅप बदलला, लिक्विड सरकलं, डायरेक्टर कलला. वहिनींच्या नवीन टीव्हीवर करू नका, मी एकदा शिव्या खाल्ल्यात.

शिअर थांबवल्यावर दोरे जातात का?

बहुतेक जातात. वेटोळं रबर बँडसारखं आकसतं, आधी हळू, शेवटी झपकन. ५सीबीत ५० मायक्रॉन त्रिज्येचं वेटोळं दहा-पंधरा सेकंदांच्या घरात संपतं, दुप्पट मोठं असलं तर चौपट वेळ. बंद वेटोळी गेली की मागं राहतात ते टोकं कुठंतरी अडकलेले दोरे, काचेच्या ओरखड्याला किंवा कचऱ्याला. आमच्याकडं गेल्या महिन्यात असा एक राहिला, रात्रभर ठेवला तरी जाईना, फोकस खाली नेऊन बघितलं तर काचेवर कापसाचा एक तंतू चिकटलेला. शेजारच्या गल्लीत माग चालतात, खिडकी उघडी राहिली होती. सॅम्पल टाकून दिलं नाही अजून, खिडकीतल्या ट्रेमध्ये डावीकडनं तिसरी स्लाइड, बघायची असेल त्यानं येऊन बघावी. ३५ अंशाच्या आत.